आधी अर्धा ग्लास

शनिवारी संध्याकाळी पाच चाळीसला रोलर कोस्टरची गाडी चढावाच्या टोकावर थांबली. आधी साखळीची खडखड बंद झाली, मग वरच्या किंकाळ्या... आणि खाली बारमध्ये बसलेल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

बार त्या चढावाच्या बरोबर पायथ्याशी होता. लाकडी काउंटर, थोडी उंच स्टुलं आणि वारा आला की फडफडणारं ताडपत्रीचं छप्पर. काउंटरमागे ती उभी होती. तिच्यासमोर एका रिकाम्या ग्लासात एक चष्मा होता. जाड भिंगांचा, एक काडी तारेने बांधलेला. चष्मा घालून वर जायला बंदी असल्यामुळे लोक तो तिच्याकडे ठेवून जात. आज एकच होता. जमीनदाराचा.

हे नाव तिनेच ठेवलेलं. तो एका साप्ताहिकात शहरातल्या बसायच्या जागांवर सदर लिहायचा. ‘या बारमध्ये का जावं’ एवढंच त्याला लिहायचं होतं, आणि तेवढ्यासाठी तो कित्येक शनिवार येत होता. यायचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा, पण राइडवर एकदाही गेला नव्हता. पहिल्या दिवशीच त्याने विचारलं होतं, की शेजारच्याला अर्धा ग्लास आणि मला पूर्ण, हा काय प्रकार? तिने सांगितलं होतं की वरून उतरलेल्या माणसाचे हात थरथरतात, भरलेला ग्लास हमखास सांडतो. म्हणून आधी अर्धा. हात थांबले की उरलेला अर्धा, न मागता. हात थांबले की नाही, ते ती बघायची.

“आणि मला?”

“तुम्ही जमीन सोडत नाही. जमीनदारांना पूर्ण.”

तेव्हापासून दोघांचं हेच चाललं होतं. लेख काही जमत नाही, अजून एकदा यावं लागेल, असं तो तोंड पाडून सांगायचा. एवढ्या वेळात लोक कादंबऱ्या लिहून मोकळे होतात, असं ती म्हणायची. मग तो हसून चष्मा पुसायला घ्यायचा, आणि चष्मा हातात असतानाच तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायचा. तिला वाटायचं, याला तर काही दिसत नाही, मग आपण का लाजतोय?

आज मात्र तिची जीभ घसरली. संपादकांनी आता शेवटची मुदत दिली आहे, असं तो सांगत होता. म्हणजे पुढच्या शनिवारी यायला कारण नाही. तिला राग आला, कोणाचा ते कळलं नाही, आणि ती म्हणून गेली, “अर्धा ग्लास न पिता या बारवर लिहिणार असाल, तर लिहूच नका.”

त्याने पुढ्यातला ग्लास बाजूला सरकवला. मग चष्मा काढून तिच्या हातात दिला. “सांभाळा,” एवढंच म्हणाला आणि राइडच्या रांगेकडे वळला. त्याची बोटं गार पडली होती. तिला ते कळलं होतं, तरी तिने थांबवलं नाही.

आणि तिने हेही सांगितलं नाही, की ती स्वतः कधीच वर गेली नव्हती. नोकरी लागताना तिने बार मागून घेतला होता, तो जमिनीवर होता म्हणूनच.

राइडची केबिन बारला लागूनच, आणि तिथे राइड चालवणारे तिचे मामा. वॉकीटॉकीवरचा प्रत्येक शब्द तिला ऐकू येत होता. मोटर जळाली होती. दोन फिटर वर चढले आणि लोकांना एकेक करून बाजूच्या लोखंडी जिन्याने उतरवू लागले. उतरेल त्याच्यापुढे ती अर्धा ग्लास ठेवत होती. आज बहुतेकांना उरलेला अर्धा देण्याची वेळच येईना. एका मुलीने तर ग्लास उचललाच नाही, नुसता धरून बसली.

साडेसहाच्या सुमारास वर दोघंच उरले. एक आजी, एका फिटरच्या हाताला धरून जिन्याच्या मध्यावर, दर पायरीला थांबत. आणि गाडीत तो. दुसरा फिटर त्याच्यापाशी बसून होता.

“उठत नाहीये तो,” मामा खिडकीतून म्हणाले. “पायऱ्या जाळीच्या आहेत ना. म्हणतोय, पायरी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते, ते दिसत नाही.”

तिने ग्लासातून चष्मा काढला. “मी नेते.”

मामांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. दर वर्षी सगळ्या कर्मचाऱ्यांना जिना चढायचा सराव असे. ती पहिल्याच वळणावरून परत येते, हे फक्त त्यांना माहीत होतं. “आजी उतरल्या की फिटर नेईल,” ते म्हणाले. “थोडा वेळ थांब, पोरी.”

वर वाऱ्याने गाडी करकरली.

“बारकडे बघा, मामा,” ती म्हणाली. चष्मा ॲप्रनच्या खिशात टाकला आणि कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधला.

पहिलं वळण गेलं. त्यापुढे तिने पायांकडे बघणं सोडून दिलं. पट्ट्याचा आकडा काढायचा, पुढच्या कडीत अडकवायचा, मग पाय. आजी वाटेत भेटल्या, भिंतीला टेकावं तशा कठड्याला टेकून उभ्या. “खाली सगळे उतरले का गं?” त्यांनी विचारलं. सगळे उतरले, असं ती म्हणाली आणि पुढे गेली.

तो पहिल्या डब्यात बसला होता. दांडा दोन्ही हातांनी धरलेला, डोळे बारीक केलेले. फिटर सरकून मागे झाला.

“कोण?” त्याने विचारलं.

“बारवाली.” तिने चष्मा उघडून त्याच्यापुढे धरला. काडी नीट त्याच्या कानापर्यंत पोचेना.

“तुमचे हात थरथरतायत,” तो म्हणाला.

“तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतं?”

“जवळचं दिसतं.” त्याने तिच्या हातावर हात ठेवून चष्मा बसवला, आणि हात काढला नाही. “तुम्ही तर रोज बघता हे सगळं. मग?”

“खालून बघते. वर आजच आले... पहिल्यांदा.”

तो तिच्याकडे बघत राहिला. या वेळी चष्म्यातून. तिला खाली बघायची सोय नव्हती.

“मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं,” तो म्हणाला, “त्या बारमध्ये का जायचं ते. लिहून टाकलं असतं, तर परत कोणत्या तोंडाने आलो असतो?”

“आणि मी तुम्हाला इथे पाठवलं,” ती म्हणाली.  “गप्प राहिले असते तर...”

“उतरू या का?” त्याने विचारलं. “तू पुढे हो. मी तुझ्या पाठीकडे बघत येतो.”

फिटर मागे, तो मध्ये, ती पुढे. वाऱ्यात बोलता येत नव्हतं. दुसऱ्या वळणाच्या फळीवर ती मटकन खाली बसली. तोही शेजारी बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. फिटर वरच्या पायरीवर थांबला आणि फार लक्ष देऊन दूरच्या पार्किंगकडे बघू लागला.

“पार्कच्या बाहेर भेटशील?” त्याने विचारलं. “लेख छापून आल्यावर मला इथे यायला निमित्त उरणार नाही.”

 “आधी जमीन येऊ दे.”

खाली दिवे लागले होते. ताडपत्रीच्या कडेखालून काउंटरचा कोपरा दिसत होता. आजी एका स्टुलावर बसल्या होत्या. मामा केबिनमधून बाहेर आले, काउंटरमागे गेले आणि काहीतरी मांडू लागले.

“काय ठेवलं त्यांनी?” तिने विचारलं. एवढं बघून तिने डोळे मिटून घेतले होते.

त्याने चष्मा वर सरकवला. “दोन ग्लास.”

“पूर्ण?”

“इथून दिसत नाही.”

सात वाजून गेले होते. खाली उतरायला अजून दोन वळणं बाकी होती. तिने उत्तर दिलेलं नव्हतं, पण हातही सोडवून घेतलेला नव्हता.