अंगावर घेतलेला चौक

चौथ्या खुर्चीतले उपअभियंता ढेकणे एकदाच किंचाळले, मान चाचपून पाहिली आणि ती जागेवर सापडल्यावर चहा मागवला. रस्तेरचना प्रशिक्षण केंद्रात कुणी वळूनही पाहिलं नाही.

चौक आखायचा तर तो आधी अंगावर घ्यायचा, असा कायदाच होता. संगणक नव्या आराखड्यावर वर्षभराची वाहतूक सोडून बघे आणि त्यात होणारा प्रत्येक अपघात डोक्यावर चढवलेल्या टोपीतल्या तारांवाटे आखणाऱ्याच्या मज्जातंतूंत उतरवी. याला आघातपट म्हणत. हाड मोडत नसे. मोडल्याचं सगळं कळे. जो शेवटपर्यंत सोसेल, त्याचा आराखडा पास.

हवालदार भीमराव ठोंबरे तीस वर्षं शिंगवे फाट्यावर शिट्टी वाजवून इथे आले होते. त्यांनी रस्ता अरुंद केला, उंचवटे घातले, गाड्या रांगायला लावल्या. वर्षात मृत्यू शून्य, जखमी अकरा. दहा त्यांनी सोसले: दारात चिरडलेली बोटं, सायलेन्सरला सोललेली पोटरी, हँडल घुसून फुटलेला डोळा. अकरावी एक म्हातारी. रिक्षा तिचा खुबा मोडे आणि ती चाळीस मिनिटं शुद्धीत राही. दोनदा ठोंबऱ्यांनी टोपी उपटली होती. आज तिसऱ्यांदा, शेवटची संधी; आजही उपटली, तर फाटा ढेकण्यांच्या आराखड्याप्रमाणे होणार होता. त्यात जखमी कुणी नसे, चार मरत.

चार मरूनही ढेकणेसाहेब दीड सेकंदात मोकळे कसे, हे त्यांनी टोपीचा शोध लावणाऱ्या डॉ. शलाका गुंजाळांना विचारलं.

"मेल्यावर दुखत नाही, ठोंबरे. तार तिथे थांबते."

"आणि मेलेल्याच्या आईला, मॅडम?"

"तिच्या डोक्यावर टोपी नसते." टोपी आल्यापासून राज्यात जखमी निम्म्याने घटलेत, अहवालही छान गेलाय, असं म्हणत त्यांनी ठोंबऱ्यांच्या टोपीचा पट्टा आवळला.

रिक्षा आली. खुब्यात हाड हाडावर करकरलं. सहाव्या मिनिटाला ठोंबऱ्यांनी जीभ चावली, दहाव्याला ओकले. तोंडात खरं रक्त होतं. बसल्याबसल्या दुरुस्तीची मुभा असे. समोरच्या पाटीवरच्या आराखड्यावर त्यांचं बोट सरकलं आणि एक उंचवटा वीस फूट मागे गेला. पट पुन्हा सुरू झाला. आता टेम्पो वेगात आला. म्हातारीचं डोकं दुभाजकावर फुटलं. एक पांढरा झोत, उचकीपेक्षा लहान. मग काहीच नाही.

"चार नाही, मॅडम. एकच," कुणी न विचारता ठोंबरे म्हणाले.

"पहिल्या चौकात बहुतेकांचा एकच असतो," गुंजाळ म्हणाल्या आणि टोपी पुसत त्यांच्यापुढे दुसऱ्या चौकाचा कोरा कागद सरकवला.