‘मी’पाशी अडखळणारं क्रियापद

“एक्स-रे इथंच काढतात ना?” दारातून घोगरा आवाज आला.

“नाही हो. इथं आम्ही बोलायला शिकवतो.” त्या हॉस्पिटलात वाचा-उपचार हे माझं काम.

“मग थोडा लवकरच आलो म्हणायचं,” तो हसला. “पुढच्या महिन्यात माझं स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत.”

घशाचा कॅन्सर. वय जेमतेम तिशीचं. मी म्हटलं, “उद्यापासून या. ऑपरेशनआधी तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू.”

तो रोज येऊ लागला. आईसाठी ‘जेवलीस का?’, ‘गुडघा कसा आहे?’ असं सगळं बोलून झालं, की गाडी क्रियापदांवर यायची. रशियन, पोलिश वगैरे स्लाव्ह भाषांची जी मूळ भाषा, तिच्यावर त्याचं संशोधन होतं. आम्ही सगळे त्याला पंडितच म्हणायचो.

“हे ऐका – ल्युबिती. प्रेम करणे. त्या काळी लिहून कुणीच ठेवलं नाही. लेकींच्या तोंडवळ्यावरून न पाहिलेली आई ओळखावी, तसं आजच्या भाषांवरून आम्ही ते जुळवलंय.”

“आणि आलं कुठून?”

“‘ल्युब’ म्हणजे लाडका, त्यावरून. आपल्या ‘लोभा’चं लांबचं भावंड.”

“अच्छा! तरीच…”

“तरीच काय?”

“काही नाही. रूपं सांगा.”

“‘तू’ असेल तर ल्युबिशी. ‘आम्ही’ असेल तर ल्युबिमु. सरळ. पण ‘मी’ म्हटलं, की ल्युब्ल्यों. मध्येच एक जादा ‘ल’ घुसतो.”

“का बरं?”

“जीभ अडखळते…” त्याचे कान लाल झाले. “फक्त ‘मी’ म्हणताना.”

“मग म्हणा पुन्हा,” मी हळूच म्हणाले. “अडखळू दे.”

तो म्हणाला. माझ्याकडे बघून. हेडफोनमध्ये त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता… ‘तुम्ही’चं ‘तू’ त्याच दुपारी झालं.

ऑपरेशन झालं. आवाज गेला, आजार मात्र राहिला. फुफ्फुसात पोचला होता. मी वॉर्डात गेले, तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. गळ्याच्या छिद्रातून श्वास घरघरत होता.

त्याच्या आईनं मला बाहेर नेलं. “पोरी, तू तरी शहाणी हो. तुझ्यापुढं अख्खं आयुष्य पडलंय. त्यालाही तेच वाटतं.”

“मग त्यालाच सांगू दे, मावशी.”

मी आत आले. “ऐक. मला तू हवास. जितका मिळशील तितका.”

तो वळला. डोळे काठोकाठ भरलेले. ओठ हलले – जा.

ओठ वाचणं हा तर माझा रोजचा धंदा.

“ऐकू नाही आलं,” मी म्हणाले.

जा… त्यानं गादीवर मूठ आपटली.

“अंहं. काहीच ऐकू येत नाहीये.” मी स्टूल ओढलं आणि ठाण मांडून बसले.

त्याचे खांदे गदगदू लागले. हसत होता की रडत होता, कोण जाणे. कितीतरी वेळानं ती मूठ सैल झाली, आणि मी तिच्यात माझा हात ठेवला.