रिकाम्या नळीतला सिग्नल

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. अर्धं माझ्या सख्ख्या बहिणीसोबत घडलं, अर्धं माझ्या डोळ्यांदेखत.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. भंडारा.

माझी बहीण रीना तिथल्या एका कॉलेजात पीएच.डी. करते. विषय, मॅंगनीजच्या ऑक्साइडचं चुंबकत्व. मोठ्या चुंबकाच्या मधोमध काचेची नळी असते, नळीत काळी भुकटी. यंत्र तिच्यावर मायक्रोवेव्ह सोडतं आणि पडद्यावर सिग्नल उमटतो. मॅग्नेटिक रेझोनन्स म्हणतात त्याला.

नळी रिकामी असली, की रेघ सरळ.

आमचे बाबा, ताराचंद, नाकाडोंगरीकडच्या मॅंगनीजच्या खाणीत आयुष्यभर राबले. शेवटी शेवटी त्यांचा उजवा हात सारखा थरथरायचा. चालणंही जड झालं होतं.

"पोरी, आमच्या खाणीतल्या गोट्याचं तू करतेस काय, ते एकदा पाहाचं हाये मले," ते रीनाला म्हणायचे.

राहून गेलं.

त्या दुपारी रीना लॅबमध्ये एकटी होती. फोन बाहेरच्या कपाटात. तिने धुऊन वाळवलेली रिकामी नळी चुंबकात ठेवली. नेहमीची तपासणी.

यंत्राची घरघर चालू होती... आणि मग तीही ऐकू येईना.

पडद्यावरची रेघ हलली.

मॅंगनीजचा सिग्नल.

तिने नळी बदलली. पुन्हा तोच. मग तिने नळीच काढून घेतली...

तरी सिग्नल.

आणि तो थरथरत होता.

ती थरथर रीनाने जेवताना बाबांच्या ताटाशी रोज पाहिली होती.

"बाबा?" ती हळूच म्हणाली.

थरथर थांबली. रेघ सरळ झाली.

बाहेर येऊन तिने फोन पाहिला. माझेच मिस्ड कॉल होते.

बाबा गेले होते.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर तिने हे घरी सांगितलं. मी म्हटलं, "मशीन बिघडली असंन."

"इंजिनियर पाहून गेला, दादा. काहीच बिघाड नाही."

आई म्हणाली, "मले तिथं ने."

आम्ही दोघांनी तिला नेलं. रीनाने रिकामी नळी ठेवली. आई स्टुलावर बसून रेघेकडे पाहत राहिली. दुपार सरली.

काहीच आलं नाही.

उठताना आईने चुंबकाच्या थंड लोखंडावर हात ठेवला.

"झालं न पाहून? आता घरी चला जी."

रीना तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली.

भंडाऱ्याहून तुमसरला येऊन गावाकडची एसटी धरली. आईने खिडकीची जागा मोकळी ठेवली आणि स्वतः अलीकडे बसली. एक बाई तिथे बसायला आली.

"नको बसू, माय. जागा धरली हाये."

मला अवघडल्यासारखं झालं.

गाव आलं. रीना उतरली, तिच्यामागून आई. आणि आई तिथेच, दाराकडे हात पुढे करून उभी राहिली...

मी उतरायला निघालो, तर ड्रायव्हरने मला हातानेच अडवलं. अनोळखी माणूस. आमच्यातलं काही त्याला ठाऊक नव्हतं.

"थांबा न भाऊ," तो म्हणाला. "बाबाले आरामात उतरू द्या."

मी पायऱ्यांकडे पाहिलं.

कोणीच नव्हतं...

आई गावाच्या वाटेला लागली. अगदी हळू, वाटेची एक बाजू सोडून. रीना तिच्या मागे.

बस निघून गेली, तरी मी जागचा हललो नाही. पुढे दोघी चालल्या होत्या की तिघं, हे मला अजून कळलेलं नाही.