पाहुण्यांची बोट

बोटीतून उतरताना मेघाची चप्पल पाण्यात पडली आणि भुपेंद्रने ती बांबूने काढून दिली. एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

"आता दुसरी बी पाड," तो म्हणाला होता.

"काहून?"

"आनखी जरासक थांबशीन न..."

गोसीखुर्द धरणाचं पाणी भरलं तेव्हा गावाची धानाची शेतं बुडाली. वरची टेकडी तेवढी राहिली आणि तिचं बेट झालं. अभयारण्य बघायला येणारे लोक आता या बेटावर उतरतात, मेघाच्या बाबांच्या टपरीवर चहा पितात आणि भुपेंद्रच्या बोटीने पलीकडे जंगलाच्या गेटवर जातात. चप्पल काढून दिल्यापासून भुपेंद्रही रोज टपरीवर यायचा. एक चहा झाला की दुसरा, दुसऱ्यात साखर कमी म्हणून तिसरा. त्याचं दुखणं अख्ख्या बेटाला कळलं होतं. हा पठ्ठ्या मात्र तोंड उघडेल तर शपथ!

दिवाळी सरली, मंडईची जत्रा आली. आमच्याकडे मंडईला येणारे पाहुणे नुसतं नाटक बघून जात नाहीत, लग्नाच्या पोरीही बघून जातात. लाखनीचा अंकुश मेघाला बघायला येणार होता. मुलगा हो म्हणाला की त्याच दिवशी सुपारी फोडायची, असं बाबांनी, म्हणजे कवडूने, ठरवूनच टाकलं होतं.

"पाहुन्याइले तूच आनशीन?" आदल्या दिवशी मेघाने भुपेंद्रला विचारलं.

"बोट माहीच आहे न..." तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"मंग आन!" तिने कप असा आपटला की त्याचा कान तुटला.

सकाळी हिरवी साडी नेसून ती घाटावर उभी राहिली. बोट दिसली. टोप्या घातलेले पाहुणे, मधे काळा चष्मा लावलेला मुलगा. बोट जवळ आली... आणि बेटाला वळसा घालून सरळ पुढे निघून गेली!

"अवो माय, हा जंगलाकडं कायले घेऊन चालला?" मेघा स्वतःशीच म्हणाली.

थोड्या वेळाने बोट परतली. भुपेंद्र एकटाच होता.

"पाहुने कुठं आहेत?"

"वाघ पाहाले गेले."

"म्हंजे?"

"मी फक्त इचारलं, आधी कुठं सोडू, बेटावर का जंगलात? पोरगा म्हने, आधी वाघ, मंग पोरगी."

मेघाला रागही आला आणि हसूही. "आन बेट म्हनला असता त?"

"त आनला असता." भुपेंद्रचा आवाज खाली गेला. "पन मंग तुह्या टपरीवर मी परत कधी च्या प्यालो नसतो."

हा माणूस मेघाला आवडत होता, फार आवडत होता, आणि संध्याकाळी ती दुसऱ्याची ठरली असती.

"मंग आता कायले आला इथं?"

त्याने बोटीचा दोर खुंट्याला बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग एकदाची मान वर केली.

"तुले पाहाले."

मेघाने हळूच डोक्यावर पदर घेतला.

टपरीतून कवडूची हाक आली, "पोरी, पाहुने आले का?"

"आले, बाबा!" भुपेंद्रवरची नजर न काढता ती म्हणाली. "सतरंजी टाका!"