नेच्याचं अंथरूण

विनिफ्रेड टेट यांचं पत्र एडविन रेडपाथला पाठ होतं. त्यात एकच प्रश्न होता. ‘माझ्या कॉलिनला लहानपणापासून थंडी सोसत नसे. खाली त्याला फार गारठा लागला का?’

पंचेचाळीस वर्षं एडविननं उत्तर दिलं नव्हतं. दर गुरुवारी तो गावच्या वर्तमानपत्रातला मृत्यूंचा रकाना आधी उघडी. विनिफ्रेडबाईंचं नाव नसलं की आपल्याला हायसं वाटतं की वाईट, हे त्याचं त्याला कळत नसे. त्या आता सत्त्याऐंशीच्या होत्या. फार गुरुवार उरले नव्हते.

रोमनांनी बांधलेल्या लांब भिंतीच्या दक्षिणेला, ओढ्याकाठी, त्यांची एक छावणी गाडली गेली आहे. १९७४ साली तिथल्या उत्खननाच्या चराच्या बाजूंना टेकू लावायचे होते. ‘उद्या लावू, आज एवढा थर संपवू,’ असं उत्खननाचा प्रमुख म्हणून एडविन म्हणाला होता. दुपारी बाजू ढासळली. खाली खणणाऱ्या वीस वर्षांच्या कॉलिनला बाहेर काढायला चार तास लागले. तो डाव्या कुशीवर होता, गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. चौकशीत एडविन पावसाबद्दल बोलला, टेकूंबद्दल नाही. कुणी विचारलंही नाही.

यंदा मार्चमध्ये आताची उत्खननप्रमुख हेस्टर डॉड हिनं तोच चर पुन्हा उघडला आणि जुनी मापं समजावून द्यायला एडविनला बोलावलं. तो नाही म्हणायला गेला आणि हो म्हणून परतला.

आता बाजूंना लोखंडी टेकू होते. सैनिकांच्या खोलीची चिकणमातीची जमीन रोमनांनी चोपली, त्यानंतर तिच्या खाली कुणीच गेलं नव्हतं, १९७४ सालीही नाही. नॉर्मननं ती फोडली. हा नॉर्मन म्हणजे निवृत्त बसचालक, हौसेनं खणायला येणारा.

‘या एडविन, पलंग सापडला!’ तो खालून ओरडला. ‘बिचारे शिपाई नेच्याच्या पानांवर झोपायचे, आणि आमच्या घरची राणी हॉटेलात तीन-तीनदा उशी बदलून मागते.’

‘राणीचं नंतर. आधी फोटो,’ हेस्टर म्हणाली.

घाई करावीच लागते. एवढ्या खोलवरचा नेचा उघडताना हिरवट-सोनेरी असतो. वारा लागला की मिनिटभरात काळाठिक्कर पडतो. त्यांच्या डोळ्यांदेखत काळेपणा चरभर पसरत गेला. एका कोपऱ्याशी येऊन थांबला.

तिथला नेचा सोनेरीच राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

‘रोमनांच्या वेळी काहीतरी सांडलं असेल इथं,’ हेस्टर म्हणाली. पण नमुन्याची पिशवी तिनं उघडली नाही.

एडविन शिडीवरून खाली उतरला. त्या सोनेरी तुकड्याला आकार होता. कुणी निजल्यावर दबावा तसा नेचा दबलेला होता. डावी कूस. ओढून घेतलेले गुडघे. गालाजवळ हाताचा खळगा.

त्यानं हातमोजा काढला.

आजूबाजूचा चिखल बर्फासारखा होता. खळगा उबदार होता.

नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.

‘नॉर्मन, जरा हात लाव.’

नॉर्मननं हात लावला आणि चटकन मागे घेतला. ‘मी चहाचं बघतो,’ तो म्हणाला. त्या दिवशी तो पुन्हा काही विनोद करायला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एडविननं पत्र लिहिलं. ‘टेकू मीच लावू दिले नाहीत. चौकशीत मी ते लपवलं. त्याला काढायला चार तास लागले. हे तुम्हांला तेव्हाच सांगायला हवं होतं.’ मग आणखी एक वाक्य. ते आपल्याच समाधानासाठी तर नाही ना, या शंकेनं त्यानं ते तीनदा खोडलं, आणि तीनदा लिहिलं. ‘त्याला आता थंडी वाजत नाही.’

टपाल कचेरी दोन मैलांवर. वाटेत गारा पडल्या. तो पोचला तेव्हा त्याची बोटं निळी पडली होती.

खिडकीतल्या मॉरीननं काचेखालून पाकीट घेतलं आणि भुवया उंचावल्या. ‘चुलीवर शेकून आणलंत की काय, मिस्टर रेडपाथ?’

‘नाही.’

तिनं शिक्का मारला. टपालाची थैली शेजारीच होती, पण पाकीट तिनं लगेच टाकलं नाही. ‘गाडी यायला दहा मिनिटं आहेत,’ ती जराशी ओशाळून म्हणाली. ‘माझे हात फार गारठलेत हो.’

गाडी येईपर्यंत ती त्या पाकिटावर दोन्ही तळवे ठेवून बसली.