साळूबाईचं प्रस्थान

सरका रे जवळ. ही आपल्या कोल्हारातलीच गोष्ट. साळूबाई आमच्या शेजारची. कानिफनाथ तिच्या समोरचा, त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

शहाण्णव सालचा वैशाख. यात्रेची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे बदरी-केदारला निघायची होती. वाटेत नैनीतालचं तळंही होतं, आणि खरं सांगायचं तर बाईचा जीव देवळांपेक्षा त्या तळ्यातल्या नावेतच अडकलेला. नवरा छगन होता तोवर दरसाल म्हणायचा, "पुढच्या वर्षी जाऊ." माणूस वाईट नव्हता, पण पाण्याचा तांब्यासुद्धा कधी हातानं घेतला नाही. तो जाऊन दोन वर्षं झालेली.

निघायचा दिवस चांगला नव्हता. म्हणून जुन्या रीतीनं तिनं आदल्या सांजेलाच प्रस्थान ठेवलं. घर रितं नको म्हणून रांजण भरला, भांडी पालथी घातली, कुलूप लावलं आणि गाठोडं घेऊन कानिफनाथच्या ओट्यावर मुक्कामाला आली. असं निघाल्यावर माघारी आपला उंबरा ओलांडला, की यात्रा मोडली.

"वैनी, बर्फात गोठून बसाल बरं का!" कानिफनाथनं चिडवलं.

"गोठले तर वितळून यीन. तुमी माजी तुळस वाळवू नका म्हंजे झालं."

मध्यरात्र उलटली. वारा पडला. कुत्री गप झाली.

कुलूपबंद घरातून हाक आली.

"साळू..."

आवाज छगनचा. कानिफनाथ उठून बसला.

"साळू... पाणी दे."

आतली कडी वाजली.

"घसा सुकलाय... घरात ये ना..."

साळूबाई उठली. ओट्याची पायरी उतरली. हात कनवटीच्या किल्लीवर. जन्माची सवय ती... आपल्या दाराचा उंबरा आला...

किल्ली कुलपाकडं नेली...

आणि मागं घेतली. तिनं पदर खोचला.

"अवो, जल्मभर पानी हातात दिलं. आता न्हाई! रांजण भरलेला हाय, हातानं घ्या. नावंत बसल्याबिगर मी ह्या घरात पाय ठेवायची न्हाई!"





मग आत रांजणावरचं झाकण सरकलं.

तिनं वळून पाहिलं नाही. पहाटे गाडीत बसली, खिडकीतून किल्ली कानिफनाथच्या हातात दिली.

उजाडल्यावर त्यानं कुलूप काढलं. भांडी सगळी पालथी, होती तशीच.

रांजणापाशी एक तांब्या तेवढा पालथा नव्हता. ओला होता...