बेचाळिसावी सूचना

अठ्ठावीस वर्षं मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनीअर होते. माझं काम सूचना लिहिण्याचं. क्लीन रूममध्ये शिरताना आधी टोपी, मग मास्क, मग सूट, मग बूट, आणि कुठला पाय आधी घालायचा तेही. मी लिहिलेली सूचना वाचून कुणाला कधी शंका विचारावी लागली नाही. ही बढाई नाही. म्हणजे, थोडी आहेच.

त्या कामातला एक नियम मी घरीही पाळते. आठवण आणि नोंद यांत फरक पडला, तर नोंद खरी धरायची. माणूस थकतो, विसरतो, स्वतःची समजूत घालतो. कागदाला यातलं काही जमत नाही.

नवरा गेला, मी निवृत्त झाले आणि अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या या घरात बसवेना, म्हणून एकटीच बोलिव्हियाला जाऊन आले. मग आणखी तीनदा गेले. इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक विचारायला लागले तेव्हा दरवेळी तेच सांगत बसण्यापेक्षा मी लिहून काढलं: ‘बोलिव्हियाला जाणाऱ्यांसाठी सूचना’, एकूण एक्केचाळीस.

ला पाझचा विमानतळ तेरा हजार फुटांवर आहे, पहिला दिवस झोपून काढा आणि जिना चढताना बोलू नका. कोकाच्या पानांचा चहा खुशाल प्या, पण परत येताना एक पानही बॅगेत ठेवू नका, अमेरिकेत चालत नाही. शाकाहारी आहोत एवढं म्हणून भागत नाही, सूपमध्ये हाडांचं पाणी आहे का ते वेगळं विचारा. दुकानात शिरल्यावर आधी ‘बुएनोस दियास’, मग काय हवं ते. बाजारातल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका, तुमच्या आजीचा कुणी असा काढलेला चालला असता का? आणि तिथली माणसं पेयाचा पहिला घोट जमिनीवर सांडतात, भूमातेसाठी. हसू नका. आपण पानाभोवती चित्राहुती घालतो, त्या कुणासाठी?

एक्केचाळिसावी सूचना उयुनीच्या मिठाच्या मैदानाची. बारा हजार फुटांवर दहा हजार चौरस किलोमीटर पांढरं, सपाट मीठ. पावसाळ्यात त्यावर वीतभर पाणी साचतं आणि खाली-वर दोन्हीकडे आकाशच दिसतं. दिशा कळत नाही, अंतर कळत नाही. म्हणून मी लिहिलं होतं: ‘गाडीत बसताना माणसं मोजा. आकडा जुळल्याशिवाय निघू नका.’

प्रत्येक प्रतीला क्रमांक. वहीत नाव, माझी-त्यांची ओळख, तारीख आणि सही. परत आल्यावर प्रत परत करायची, मग मी पुढे ‘आले’ असं लिहिते. लोक हसायचे. हसू देत. पन्नास प्रती गेल्या होत्या आणि पन्नासांपुढे ‘आले’ होतं.

आमच्या मंडळाची संक्रांत फेब्रुवारीत होते, शाळेचा हॉल मिळेल तेव्हा. यंदा तिथे राजारामकाकांनी माइक हातात घेतला. काका पंच्याहत्तरीचे, मलाही काकाच. ते आणि संध्याकाकू जानेवारीत सहा जणांच्या ग्रुपमधून बोलिव्हियाला जाऊन आले होते.

“सुलेखाच्या त्या शेवटच्या सूचनेनं माझी बायको परत आणली,” काका म्हणाले. “आम्ही मिठावरून निघालो. मी मोजले, मला धरून सहा. ड्रायव्हरनं गाडी स्टार्ट पण केली. मी म्हटलं, थांब, सुलेखानं लिहिलंय ते करू. एकेकाला नावानं हाक मारली. चौघांनी ओ दिली. संध्याची ओ येईना. उतरून बघतो तर ही बाई दोनशे पावलांवर पाठ करून उभी, फोटो काढतेय!”

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. संध्याकाकू हसल्या नाहीत.

“मग गाडीत मोजलेलं सहावं माणूस कोण?” काका माइक ठेवून खाली आल्यावर मी त्यांना विचारलं.

“माझं मोजणं चुकलं असणार गं. त्या हवेत डोकं कुठे चालतं!” काका म्हणाले आणि त्यांनी ताटातली तिळाची वडी मोडली. “दोनदा मोजले होते पण.”

त्यांनी प्रत परत दिली. एक्केचाळीसच्या खाली बेचाळीस होती, माझ्याच टायपात: ‘नुसती मोजू नका. प्रत्येकाला नावानं हाक मारा, आणि ओ आल्याशिवाय गाडी हलवू नका.’ त्याखाली ४३ असा आकडा होता आणि पुढे कोरी जागा.

हे मी लिहिलं नव्हतं. पण लोक येऊन पाठ थोपटत होते, काय बारकाईनं विचार करता हो म्हणत होते, आणि मी मान डोलावत होते. खरं सांगते, नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं.

घरी आल्यावर फाइल उघडली. बेचाळीस तिथेही होती, आणि बदलांच्या तक्त्यात नोंदही होती: ‘सूचना ४२ व ४३ वाढवल्या. सु. व., ४ एप्रिल.’ सुलेखा वर्तक, म्हणजे मी. पण तेव्हा फेब्रुवारी चालू होता. चार एप्रिल यायचा होता, आणि गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ही फाइलच नव्हती.

लॅपटॉपचा पासवर्ड माझ्याखेरीज फक्त ज्ञानदाकडे आहे. ज्ञानदा माझी एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, नर्स आहे. तिला फोन केला.

“मॉम, मी कशाला तुझ्या डॉक्युमेंटमध्ये लिहू? आय हॅव अ लाइफ,” ती म्हणाली.

मी ती ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर होती. पुन्हा खोडली, पुन्हा आली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या कागदावर येऊन माझीच सूचना चुकीची ठरवायची, ‘नुसती मोजू नका’ म्हणायचं! मोजण्यात काय चूक असते? काकांच्या वयात, त्या हवेत, पाचाचे सहा दिसणारच. आयुष्यात पहिल्यांदा मी नोंदीला खोटं ठरवलं. नवी फाइल उघडली आणि पहिल्या सूचनेपासून एक्केचाळिसाव्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं पुन्हा टाइप केलं. तीत बेचाळीस आली नाही. मला फार बरं वाटलं.

ही स्वच्छ प्रत मला मार्चच्या आत हवी होती, कारण चौदा मार्चला माझीच मुलं निघत होती. ज्ञानदा, तिचा नवरा अक्षत आणि अक्षतचा मित्र कृष्णा. निदान मला आठवतं ते असं.

“मॉम, फॉर्टी-टू कुठे गेली? राजारामकाका सेड दॅट्स द बेस्ट वन,” प्रत चाळत ज्ञानदानं विचारलं.

“त्याची गरज नाही. नीट मोजा, पुरे.”

“ओके, बॉस.”

अठ्ठावीस मार्चला त्यांना आणायला विमानतळावर गेले. सरकत्या जिन्यावरून येताना दिसले तसे मी मोजले. एक, दोन, तीन. तिघं गेली, तिघं आली. छाती फुगली माझी. गाडीत ज्ञानदा सांगत होती, “मिठावर पाणी होतं मॉम, एव्हरीव्हेअर जस्ट स्काय. तू लिहिलंस तसं आम्ही प्रत्येक स्टॉपला काउंट केलं. थ्री. ऑल्वेज थ्री.”

तिचं आणि अक्षतचं नाक उन्हानं सोललं होतं. कृष्णाचा चेहरा मात्र जसाच्या तसा होता. सनस्क्रीनची सूचना एकानं तरी पाळली, असं मी मनात म्हटलं.

पुढच्या शनिवारी तिघांना जेवायला बोलावलं. मसालेभात, टोमॅटोचं सार, काकडीची कोशिंबीर. मागच्या दारातून संत्र्याच्या मोहराचा वास येत होता. पानं वाढून मी हाका मारल्या.

“ज्ञानदा!”

“कमिंग!”

“अक्षत!”

“ओ, आई!”

“कृष्णा!”

उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर तो माझ्या मागेच, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हसत होता.

“मीठ नको, काकू,” पानाच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला.

जेवणं झाल्यावर मी प्रती मागितल्या. ज्ञानदानं एक दिली, अक्षतनं एक.

“तुझी रे?”

“मला दिलीच नव्हती, काकू.”

असं होणं शक्य नाही. मी प्रतीशिवाय कुणाला जाऊ देत नाही. वही घ्यायला वर गेले.

प्रत ५१, ज्ञानदा वर्तक. ओळख: मुलगी. सही.

प्रत ५२, अक्षत. ओळख: जावई. सही.

प्रत ५३, अवधूत वर्तक. ओळख: मुलगा. सही.

अक्षर माझं होतं. मी ‘मुलगा’ या शब्दावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला. कृष्णाचं नाव वहीत कुठेच नव्हतं.

कठड्यावरून वाकून मी हाक मारली, “ज्ञानदा, अवधूत कोण गं?”

“हू?” खालून ज्ञानदा म्हणाली.

कृष्णाच्या हातातली वाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

शेजारच्या खोलीला मी अडगळीची खोली म्हणते. दार उघडलं. खाट होती, चादर चुरगळलेली. भिंतीवर दारामागे पेन्सिलच्या रेघा होत्या, एकीखाली एक, प्रत्येकीपुढे तारीख, सगळ्यात वरची माझ्या डोक्याहून वीतभर उंच. रेघा मीच मारल्या असणार, आकडे माझे आहेत. खाटेखाली बारा नंबरचे रनिंग शूज होते. अक्षत नऊ नंबर घालतो.

मी खाटेवर बसले. मला त्याचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवत नाही. माझ्याच हातचं खाऊन तो एवढा वाढला असेल, आणि मला रडूही फुटेना, कारण कुणासाठी रडायचं तेच माहीत नव्हतं.

आठवण आणि नोंद यांत फरक पडला, तर नोंद खरी.

तिघं गेली. तिघं आली. आकडा जुळला. मी नावं विचारली नाहीत, मोजा म्हटलं.

मी लॅपटॉप उघडला आणि जुनी फाइल शोधली. तीत एक्केचाळीसच सूचना होत्या, खाली काही नव्हतं. मी एक्केचाळीसच्या खाली टाइप केलं. शब्द शोधावे लागले नाहीत. ‘नुसती मोजू नका. प्रत्येकाला नावानं हाक मारा, आणि ओ आल्याशिवाय गाडी हलवू नका.’ बदलांच्या तक्त्यात नोंद केली, सु. व., आणि आजची तारीख घातली.

चार एप्रिल.

खालून कृष्णा विचारत होता, “काकू, चहा ठेवू का?”

ही ओळ कुणाच्या हातात पडणार हे मला माहीत होतं. ती खोडणारी बाई कोण, तिचा तोरा किती, हेही माहीत होतं. तिला नुसता उपदेश करून भागणार नाही. तिला नाव सांगायला हवं.

म्हणून मी खाली ४३ आकडा घातला आणि पुढे लिहिलं: ‘सुलेखा, तुझ्या मुलाचं नाव अवधूत आहे. त्याला पाठवू नकोस.’

लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. अक्षरं ठळक केली. सेव्ह केलं.

आणि मग मला आठवलं, फेब्रुवारीत राजारामकाकांच्या प्रतीवर ४३ पुढे काय होतं ते. कोरी जागा.